कापसावरची झोप

"झोपेचा बी डॉक्टर रायते का आता?" माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर बसून वासुदेवराव पुटपुटत होते. "आमच्या घरी लेकरू झोपलं का बाया म्हनत, झोपलं बाई एकदाचं. अन् इथं झोपलं म्हनून दाखवाले आनाव लागते. तेही सकाळी नऊपासून बसवून ठेवलं."

मला ऐकू जात नाही असं त्यांना वाटत असावं. मी त्यांच्या नातीचं वजन घेत होते. आकांक्षा, वय आठ, वजन सतरा किलो. काट्यावर उभी असतानाच तिचे डोळे मिटायला लागले, म्हणून तिच्या आईनं, प्रणितानं, मागून तिचे खांदे धरले.

वर्ध्यातल्या या दवाखान्यात मला अकरा वर्षं झाली. नाव लिहायचं, वजन घ्यायचं, रडणाऱ्याला भिंगरी द्यायची. दहावीत इंग्रजीनं अडवलं ते अडवलंच, पण ऐकून ऐकून आता दाराबाहेरूनही मला कळतं की आतल्या लेकराची छाती वाजते आहे की नुसतं नाक. आमच्या मॅडम, डॉ. भावना ढगे, लहान मुलांची फुप्फुसं आणि झोप तपासतात. पाटीवर 'बालश्वसन व निद्राविकार तज्ज्ञ' असं लांबलचक लिहिलं आहे. ऑटोवाले मात्र 'घोरनाऱ्या पोट्ट्यांची मॅडम' म्हणतात आणि बरोबर दारात आणून सोडतात.

आकांक्षा पहिल्यांदा आली ती डिसेंबरात, हनुवटीला तीन टाके घेऊन. वर्गात रोज झोपते म्हणून गुरुजींनी तिला उभं राहण्याची शिक्षा दिली होती. पोर उभ्या उभ्या झोपली आणि बाकाच्या कोपऱ्यावर आपटली. गुरुजी म्हणाले, नाटकं आहेत. हनुवटी फोडून घेण्याचं नाटक करणारी आठ वर्षांची पोर मी तरी अजून पाहिली नाही.

त्याआधी काय काय झालं होतं ते प्रणितानं हळू आवाजात मला सांगितलं. खोकते म्हणून बोरं बंद केली. मग दही बंद, मग केळी, मग रात्रीचा भात. कोणी दृष्ट काढली. गावातल्या एकानं दर आठवड्याला सुई टोचली. कशाची, ते त्यालाच ठाऊक. दोन हिवाळे पोरीचं एकेक खाणं काढून घेतलं आणि शेवटी सगळे म्हणायला मोकळे झाले, हे काऊन इतकी हडकली?

मॅडमनी तिला त्या दिवशी भिंगरी फुंकायला लावली. भिंगरी दीड फेरा फिरून थांबली. मॅडम म्हणाल्या, "शाब्बास! आपण हिला पाच फेरे फिरवायला शिकवू हं." आकांक्षा हसली. मग मॅडमनी श्वासाचा पंप लिहून दिला, तो तोंडाशी कसा धरायचा ते चारदा करून दाखवलं, आणि गुरुजींना अशी चिठ्ठी लिहिली की ती वाचून मलाच उभं राहावंसं वाटलं.

आता माझा भाग.

पहिल्या भेटीला आमच्याकडे एक फॉर्म भरतात. तो मॅडमनी मुंबईत शिकताना आणलेला. प्रश्न मी विचारते आणि मीच लिहिते. घरात गालिचा आहे का? नाही. एसी? नाही. मांजर? नाही. कबुतरं? (तिकडच्या माणसांनी कबुतरापर्यंत विचार केला आहे.) नाही. चूल? "गॅस आहे," वासुदेवराव छाती काढून म्हणाले. घरात कोणी बिडी ओढतं का? "माळकरी घर आहे आमचं." घरात धूळ?

"धूळ? आमची सून दोनदा झाडते."

कोणीही खोटं बोललं नाही. आंजीतलं वासुदेवरावांचं घर मी लहानपणापासून पाहिलं आहे, कारण आंजी हे गावच माझं माहेर. दोन खोल्या आणि सैपाकघर. दिवाळीनंतर दोन्ही खोल्यांत कापूस भरतात. पत्र्यापर्यंत. भाव येईपर्यंत घर त्याच्याभोवती अंग चोरून राहतं. माणसं त्याच्या कडेला झोपतात, पोरं त्याच्यावर. सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते आणि सगळे हसत हसत खाजवतात. वेचणीच्या पहिल्या वेच्याला शेतात ज्या कापसाला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला धूळ म्हणायचं? ती लक्ष्मी. लक्ष्मी फॉर्मात कुठे लिहायची?

मला सगळं माहीत होतं. पण वासुदेवराव मला अजून "सुमित्रा, पोरी" म्हणतात. माहेरच्या मोठ्या माणसाचं घर परक्यासमोर कसं उघडं करायचं? मी मान खाली घातली आणि 'धूळ – नाही' असं लिहिलं. माझ्याच अक्षरात, ठळक.

जानेवारीत ती परत आली तेव्हा काहीच फरक नव्हता. मॅडम वैतागल्या. "पंप देत नाही का तुम्ही? रोज दोन वेळा म्हटलं होतं ना मी?"

"देतो, मॅडम," प्रणिता म्हणाली. डोक्यावरची ओढणी तिनं आणखी पुढे ओढली, कारण सासरे मागेच उभे होते.

"मग असं कसं?"

प्रणितानं पिशवीतून पंप काढून टेबलावर ठेवला. तिचा नवरा आदेश पंख्याकडे बघत राहिला, पंखा बंद होता तरी. पंप रोज देणारी, तोंड धुऊन देणारी, पोर धापा टाकते म्हणून अर्धी रात्र तिच्या पाठीवर हात ठेवून बसणारी बाई बोलणी खात होती, आणि मी बाजूला उभी राहून भिंगऱ्या पुसत होते. मॅडमनी औषध वाढवलं. जाताना म्हणाल्या, "ती झोपलेली असताना दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून आणा. मला तिचा श्वास बघायचा आहे."

तर मार्चमधल्या या सकाळी प्रणितानं ओढणीच्या आत धरलेला मोबाईल मॅडमच्या हातात दिला. आम्ही सगळे टेबलाभोवती वाकलो. आकांक्षाला मी तपासण्याच्या पलंगावर बसवलं होतं. ती बसल्या बसल्या कलंडली आणि झोपली.

व्हिडिओत आधी आवाज आला. एवढ्याशा देहातून करवत चालल्यासारखा. मग आवाज थांबला. मॅडम टेबलावर बोटानं मोजत होत्या. आठ, नऊ, दहा, अकरा. मग पोरीनं पाण्यातून वर आल्यासारखा श्वास ओढला. पुन्हा करवत. पुन्हा थांबली.

मग चित्र हललं. मोबाईल धरलेला प्रणिताचा हात आधी पोरीच्या चेहऱ्यावरून बाजूला गेला, मग वर, वर, अगदी सावकाश, पत्र्यापर्यंत. हात थरथरला नव्हता, मुद्दाम फिरवला होता. सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात एक खळगा आणि खळग्यात टेकून बसवलेली आकांक्षा, केसांत कापसाचे पुंजके.

"पाहा कशी राजकन्येवानी झोपली," वासुदेवराव कौतुकानं म्हणाले. "खाली निजवली का खोकलते. म्हनून मीच तिले वर टेकवून बसवतो. मऊ रायते न, मॅडम. मीही तिथंच रायतो बाजूले, रातभर."

मला त्यांचा राग येत होता आणि तो नीट येतही नव्हता. पोरीवर एवढा जीव असलेला आजोबा सगळ्या आंजीत नसेल.

"हे पांढरं काय आहे?" मॅडमनी विचारलं.

आदेश पुन्हा पंख्याकडे. प्रणिता जमिनीकडे. वासुदेवरावांना तर हा काय प्रश्न आहे, तेच कळेना.

"कापूस, मॅडम," मी म्हणाले. "आमच्याकडे भाव येईपर्यंत घरातच भरून ठेवतात."

मॅडमनी मान वळवली. "सुमित्राबाई, तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फाईल उघडली, माझ्या अक्षरातल्या 'धूळ – नाही'वर बोट ठेवलं आणि थोडा वेळ ते तसंच ठेवलं.

"काका, या खोल्या आजच्या आज रिकाम्या करा."

"आजच्या आज?" वासुदेवराव हसले. "बाजारात जाऊन पाहा, काय भाव चालू आहे ते. चार महिने थांबलो, पंधरा दिवसांत भाव येन, मंग आताच काऊन फेकाचा?"

"मग तोवर हिला दुसरीकडे झोपवा."

"दुसरी खोली हाये कुठं? अन् नात माझ्याबिगर झोपत नाई."

"मॅडम, तुमी औषध थोडं वाढवून द्या," आदेश म्हणाला. "तोवर आम्ही पाहतो कसं जमते ते. चादर लावू मधात."

"चादरीनं काय होणार आहे?" मॅडमचा आवाज चढला. मग त्यांनी तो खाली आणला, आणि मला माहीत होतं की आता गोल शब्द येणार. "हिचा ऑक्सिजन रात्री कमी होतोय. श्वास थांबतोय. यातून गुंतागुंत होऊ शकते. धोका आहे, काका."

गुंतागुंत. धोका. अकरा वर्षांत मी हे शब्द शेकडो वेळा ऐकले आहेत. ते आईबापांना लागू नयेत म्हणून कापडात गुंडाळून दिलेले असतात, आणि मग कोणालाच लागत नाहीत.

"धोका कशात नाई, बाई?" वासुदेवराव उठायला लागले. "रस्त्यानं चाललं तरी धोकाच हाये. लेकरं वाढतात हळूहळू. चाल आदेश, बस निघन."

आदेश उठलासुद्धा. त्यानं पोरीला उचलायला हात पुढे केले.

"उचलू नका तिले," प्रणिता म्हणाली.

आदेश थांबला. प्रणिताच्या डोक्यावरची ओढणी खांद्यावर आली होती. ती तिनं तशीच राहू दिली आणि सासऱ्यांकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत. लग्नानंतरच्या दहा वर्षांत तिनं तसं पाहिलं नसणार, कारण वासुदेवराव अर्धवट उठलेले पुन्हा खाली बसले.

"मामाजी, हे सारे तुमाले भिऊन गोल गोल बोलून राह्यले. मीही दोन हिवाळे गप्प होतो." तिनं पलंगावरच्या पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "हिचा श्वास थांबते न, तवा मी रोज मोजतो. आठ, दहा, अकरा. येका राती तो पुना चालूच नाई झाला तर? पोरगी मरते न, मामाजी. तुमच्या कापसावर, तुमच्या बाजूले झोपल्या झोपल्या मरते."