सहाव्या पायरीची टिचकी

सुभद्राबाईनं पदराआड हात नेला, कापसाचे दोन बोळे अंगठ्यानं कानांत दाबले आणि मगच ती पायऱ्या चढून आत गेली. बोळ्यांतली सरकी तिनं काल नीट काढली होती. पदर डोक्यावरून पुढे ओढला की बाहेरून काही दिसत नसे.

बुलढाण्याच्या दवाखान्यामागची ती पत्र्याची खोली. आत दहा सुइणी जमिनीवर बसलेल्या, ती अकरावी. समोर टेबल. टेबलावर स्टोव्ह, पातेलं, साबणाची वडी आणि कापडाची एक बाहुली. बाहुलीच्या पोटाला नाळ म्हणून परकराची नाडी शिवलेली होती. आणि टेबलाच्या कोपऱ्यात, वरातीतल्या रुसलेल्या मामासारखा तोंड वासून बसलेला ग्रामोफोन.

सुभद्राबाईनं आधी त्याच्याकडे पाहिलं. काल होता तिथंच होता. म्हणजे काही खरं नाही.

शिबिराचा आज सातवा दिवस. शिकवणाऱ्या नर्सबाई, विमलबाई, पुण्याहून आलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, की मागे हलकं संगीत चालू ठेवलं तर शिकणाऱ्याचं मन शांत होतं आणि शिकवलेलं खोल उतरतं. कुठल्याशा पुस्तकात तसं त्यांनी वाचलं होतं, आणि इथं प्रयोग करून वर अहवाल पाठवायचा होता. त्यासाठी त्यांनी सहा तबकड्या आणल्या. घाट चढताना एसटीच्या टपावर त्यांतल्या पाच फुटल्या. उरली ती सनईची, आणि तिच्यावरही एक चरा पडलेला. सनई ऐकताच सुभद्राबाईच्या शेजारी बसलेली गोजरबाई मोठ्यानं म्हणाली होती,

"लगनाचं वाजवून बायतपन शिकवून राह्यल्या बाई. मधातले नऊ महिने कुठी गेले?"

सगळ्या हसल्या. विमलबाईंना वऱ्हाडी नीट कळलं नसावं. प्रयोग पहिल्याच दिवशी लागू पडला असं समजून त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. सुभद्राबाई तेवढी हसली नाही. सनईचा पहिला सूर निघाला तसा तिनं पदर कानांवर ओढून घेतला होता. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पिशवीतल्या जुन्या उशीची शिवण उसवत बसली.

बाळंतिणीच्या घरात आवाज करायचा नसतो. हे तिच्या आईनं तिला शिकवलं, आईला आजीनं. मूल बाहेर आलं की काशाचं ताट वाजवायचं, हा त्यानं ऐकायचा पहिला आवाज. त्याआधी ढोल नाही, सनई नाही, भांड्याला भांडं लागायचं नाही. गेल्या वैशाखात सुभद्राबाईची लेक आशा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि ऐन कळांच्या वेळी गल्लीतून वरात निघाली. सुभद्राबाई दारातून हात जोडत होती, सनईवाला डोळे मिटून फुंकत होता. मूल तिच्याच हातांवर चांगलं झालं. रडलं, प्यायलं. सहाव्या दिवशी त्यानं दूध सोडलं, जबडा मिटला, अंग धनुष्यासारखं ताठ झालं. आठव्या दिवशी गेलं.

सनईनंच गेलं. याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. शंका होती ती बाकी सगळ्याबद्दल. सरकारला हे माहीत नसेल कसं? माहीत असून सरकार बाळंतपणाच्या शिबिरात नेमकी सनईच काऊन वाजवते? बाकीच्या पाच तबकड्या फुटल्या आणि हीच काऊन वाचली?

आता आशाला पुन्हा दिवस गेले होते. सासर गावातच, वरवट बकालातच. पण या खेपेला सासरे शंकरराव यांनी अंगणात उभं राहून, चार लोकांसमोर सांगून टाकलं होतं,

"जिच्यापाशी सरकारी पेटी, तिचाच हात माह्या सुनेले लागंन. मंग ते इहीन असो का कोनी बी असो."

कात्री, दोरा, साबणाची ती पेटी शिबिरात पास होणाऱ्या सुइणीला, आणि गावाला एकच मिळणार होती. वरवट बकालातून आलेल्या मात्र दोघी, सुभद्राबाई आणि गोजरबाई.

म्हणून कान बंद आणि डोळे उघडे. विमलबाईंचं पुणेरी बोलणं तसंही निम्मं डोक्यावरून जात होतं. त्यात सुभद्राबाईचं फारसं नुकसान झालं नाही. ती त्यांचे हात पाहत होती. हात खरं बोलतात, एवढा तिचा अनुभव. बाई तबकडी लावत आणि तिच्याबरोबर धडा सुरू होई. तबकडी संपली की धडाही संपे. बांगड्या काढायच्या. नखं पाहायची. साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. धुतलेलं फडकं पसरायचं. कात्री आणि दोरा पातेल्यात सोडायचा. मग बाई थांबत, मधलं बोट वाकवून टेबलावर एक टिचकी मारत, क्षणभर बघत, आणि मगच चिमट्यानं कात्री बाहेर काढत. दोन ठिकाणी बांधायचं, मधे कापायचं.

रोज तसंच. दिवसातून सहा वेळा. टिचकी एकदाही चुकली नाही.

सुभद्राबाई ओसरीवर बसून एकटीच हात हवेत फिरवायची. आठव्या दिवशी भाकरी खाताना गोजरबाईनं तिला हलवलं. सुभद्राबाईनं पदराआडून एका कानातला बोळा हळूच काढला.

"काऊन वो, बहिरी झाली का? तीनदा हाक मारली. मी म्हनो, आता तं मले धडा झोपेतबी येते. सनईचा वर गेलेला सूर आला का साबन, लांबला का फडकं, घुमला का दोरा. तुले येते का नाही?"

"येते."

"मंग वर्गात मान काऊन नाही डोलवत? बाई वहीत लिहून राह्यल्या, कोन डोलते, कोन नाही."

हे ऐकून सुभद्राबाईला धस्स झालं. नावं लिहून नेतात म्हणजे त्यात काहीतरी असणारच. त्या दिवसापासून तीही डोलू लागली, अंदाजानं. अहवालात तिच्या नावापुढे 'विशेष प्रगती' असं पडलं.

बाराव्या दिवशी परीक्षा होती. मोठे डॉक्टर हिंमतराव आले. बारीक मिशा, बारीक डोळे, आणि सगळ्या जगानं आपल्याला आत्ताच फसवलं आहे असा चेहरा. त्यांनी आल्या आल्या ग्रामोफोनकडे बोट केलं.

"हे काय?"

विमलबाईंनी प्रयोग समजावून सांगितला. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले,

"परीक्षेत गाणं नाही. झाकण लावा त्याला."

पहिलं नाव गोजरबाईचं. ती टेबलापाशी गेली, बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हात छातीशी धरून उभी राहिली. उभीच राहिली.

"करा सुरू," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही करा ना सुरू," गोजरबाई म्हणाली.

"मी काय करू?"

"वाजवा ना. त्याबिगर साबन कवा घेऊ ते कसं समजंन?"

डॉक्टरांनी विमलबाईंकडे पाहिलं. विमलबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. गोजरबाईनं शेवटी हिय्या करून आधी नाडी कापली, मग हात धुतले, मग आपण काय केलं ते पाहून खाली बसली. दुसरबीडची तानुबाई तोंडानं सनई काढायला लागली. पण सूर भलतीकडेच गेला आणि बाहुली पातेल्यात पडली. दहाजणी झाल्या. दहाही अडल्या. डॉक्टरांच्या कागदावर दहा फुल्या पडल्या, आणि विमलबाईंचा चेहरा खडूसारखा झाला.

अकरावी सुभद्राबाई.

तिच्या कानांत बोळे होते. ग्रामोफोनला झाकण लावलं होतं, पण झाकणावर तिचा विश्वास नव्हता. खोलीत काय बोलणं झालं ते तिला कळलं नाही. बाया एकेक करून रडवेल्या परत येतात एवढंच दिसलं, आणि त्याचा दोष तिनं मनातल्या मनात त्या डब्यालाच दिला. विमलबाईंनी हातानं खूण केली तशी ती उठली. बांगड्या. नखं. साबण, कोपरापर्यंत. फडकं. कात्री, दोरा, पातेलं. तिचे हात कुठं अडले नाहीत. गेले बारा दिवस ती जशी शांततेत शिकली, तशाच शांततेत तिनं ते करून दाखवलं.

आणि कात्री पातेल्यात सोडल्यावर ती थांबली, मधलं बोट वाकवलं आणि टेबलावर एक टिचकी मारली. क्षणभर पाण्याकडे पाहिलं. मग चिमटा उचलला.

"थांबा." डॉक्टर पुढे झाले. त्यांनी टेबलाकडे बोट केलं, मग स्वतःचं बोट वाकवून दाखवलं. "हे काय? मंत्रबिंत्र आहे का हा?"

बोटावरून सुभद्राबाईला प्रश्न कळला.

"बाई मारतात म्हून," ती जरा मोठ्यानंच म्हणाली.

खोलीत चुळबूळ झाली. गोजरबाईनं तोंडाला पदर लावला. तबकडीवरच्या चऱ्यापाशी सुई अडकायची, तोच तो सूर घरघरत राहायचा, आणि बाई टेबलाला टिचकी मारून ती पुढे ढकलायच्या, हे दहाहीजणींना माहीत होतं. त्यांनी ते रोज ऐकलं होतं.

विमलबाईंनी सुभद्राबाईकडे टक लावून पाहिलं. मग त्यांची नजर तिच्या पदराच्या काठाशी गेली. तिथं कापसाचा एक पांढरा तंतू बाहेर आला होता. नजर तिथंच थांबली.

"हो सर. मीच शिकवलंय," त्या म्हणाल्या. "खूण आहे ती. हत्यार टाकल्यावर घाई करायची नाही. थांबायचं, टिचकी मारायची, पाणी खरंच खळखळून उकळलंय का ते पाहायचं, आणि मगच पुढे."

डॉक्टरांनी वाकून पातेल्यातल्या पाण्याकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

"ही एक गोष्ट बरी काढलीत तुम्ही," ते म्हणाले, आणि लिहून घेतलं.

पुढच्या शिबिराच्या छापील पत्रकात ती आली. सहावी पायरी : टेबलावर एकदा टिचकी मारणे. टेबल नसल्यास योग्य त्या पृष्ठभागावर.

ग्रामोफोन लावून दहाजणींची परीक्षा पुन्हा झाली आणि दहाही पास झाल्या. त्यांना आपापल्या गावी आणखी पंधरा दिवस विनासंगीत सराव करायला सांगण्यात आलं. गावोगावच्या पेट्या तोवर थांबल्या. पण वरवट बकालची पेटी डॉक्टरांनी त्याच दिवशी सुभद्राबाईच्या हातात दिली. गोजरबाईनं कुरकूर केली तेव्हा ते म्हणाले, "बाळंतिणीच्या उशाशी तुमचा ग्रामोफोन कोण वाहून नेणार?"

सगळ्या गेल्यावर विमलबाईंनी सुभद्राबाईला थांबवलं आणि हात पुढे केला. सुभद्राबाईनं थोडा वेळ न समजल्यासारखं केलं. मग दोन्ही बोळे काढून त्यांच्या तळहातावर ठेवले.

"बारा दिवस?"

"हाव."

"म्हणजे मी बोलले त्यातलं काहीच ऐकलं नाहीत तुम्ही?"

"हात पाह्यले ना बाई तुमचे."

विमलबाई रागावतील असं तिला वाटलं होतं. पण त्यांनी फक्त ग्रामोफोनचं झाकण उघडलं, किल्ली दिली आणि धडा पहिल्यापासून सुरू केला, एकटीसाठी. सनई सुरू झाली. सुभद्राबाई भिंतीला पाठ टेकून, पेटी पोटाशी धरून बसली. साबण झाला. फडकं झालं. मग सूर एका जागी अडकून घरघरला, विमलबाईंनी टिचकी मारली, सूर सुटला. सुभद्राबाईला कळलं. तिच्या तोंडाशी हसू आलं.

पण विमलबाई बोलतच होत्या, हळू, एकेक शब्द तोडून.

"कात्री उकळायची ती एवढ्यासाठी. विळ्यानं नाळ कापता ना तुम्ही? शेतातल्या? त्या विळ्याला माती असते, शेण असतं. ते नाळेतून आत जातं. मग पाचव्या-सहाव्या दिवशी मूल दूध सोडतं, जबडा मिटतो. धनुर्वात. आठव्या दिवशी जातं ते यामुळं."

तबकडी संपली. सुई नुसतीच खरखरत फिरत राहिली.

"आन वाजंत्री?" सुभद्राबाईनं विचारलं.

"वाजंत्रीचं काय?"

"वाजंत्रीनं काही होत नाही?"

"वाजंत्रीनं काय व्हायचंय!"

सुभद्राबाईनं पेटी खाली ठेवली. ती उठली, टेबलापाशी गेली, विमलबाईंच्या पुढ्यातले दोन्ही बोळे उचलले आणि पुन्हा कानांत घातले. संध्याकाळच्या एसटीत गोजरबाई शेजारी बसून वरवटपर्यंत भांडत होती. सुभद्राबाईला त्यातलं काही ऐकू गेलं नाही.

आशाच्या कळा सुरू झाल्या त्या पुन्हा वैशाखातच, भर दुपारी. शंकररावांच्या मागच्या खोलीत पेटी उघडली होती, चुलीवर पातेलं होतं. आडोशाला लावलेल्या दाराच्या फटीतून ऊन आत येत होतं. सुभद्राबाईनं बांगड्या काढल्या, नखं पाहिली. विळा तिनं आणला नव्हता. शिबिरावरून आली त्याच दिवशी तिनं तो घरामागच्या विहिरीत टाकला होता, आणि का टाकला हे कुणाला सांगितलं नव्हतं.

ती साबण लावत होती तेव्हा गल्लीच्या टोकाशी सनई वाजली. कुणाची तरी वरात.

अंगणात शंकररावांची धावपळ ऐकू आली. "अरे थांबवा बे त्याहिले! घरात बायतीन हाये!" आशानं आईचं मनगट घट्ट धरलं. सनई जवळ येत होती. मागल्या वैशाखात कोणता सूर कुठं होता, ते दोघींनाही पाठ होतं.

सुभद्राबाईनं कोपरापर्यंतचा फेस धुऊन काढला. तिच्या कानांत काही नव्हतं.

"इवायी," तिनं दारातून व्याह्यांना आवाज दिला, "वाजू द्या त्याहिले."

"काय म्हनता?"

"वाजू द्या. त्यानं काही होत नाही."

मग तिनं कात्री आणि दोरा पातेल्यात सोडला. खोलीत टेबल नव्हतं. तिनं मधलं बोट वाकवलं, बाजेच्या पायावर एक टिचकी मारली, आणि पाण्याकडे पाहत उभी राहिली.