संपतच्या छातीतलं दार

मी एक जुनं दार आहे. पण मित्रांनो, मला ना चौकट ना उंबरा. कासुर्डीच्या संपतच्या हृदयातल्या एका पेशीचं मी कॅल्शियमचं दार. आमच्यात दोन-चार दिवस टिकलं ते म्हातारं, म्हणून जुनं म्हणायचं.

विजेचा इशारा आला की मी उघडायचं, चिमूटभर कॅल्शियम आत घ्यायचं आणि लगेच मिटायचं. त्या चिमटीसरशी आतल्या कोठारातलं कॅल्शियम सुटतं आणि पेशी आवळते. ते परत कोठारात गेलं की ती सैलावते. सगळ्या पेशी मिळून आवळल्या की एक ठोका. उघडणं कुणालाही जमतं, वेळेवर मिटणं हे खरं काम. शाळेत कॅल्शियमचं कौतुक होतं, पण ते हाडांसाठी. आम्ही कुणाच्या गावीही नसतो.

परवा संपत कुरकुंभच्या कारखान्यातून शिफ्ट करून आला, तो फणफणतच. तापाचा विषाणू रक्तातून थेट आमच्या पेशीत शिरला. ना ओळख, ना विचारपूस. आत बसून स्वतःच्याच प्रती काढू लागला. पेशी सुजली, कोठार गळू लागलं आणि मला नीट मिटताच येईना! असं कधी घडलं नव्हतं. मला हादराच बसला.

त्यात गावची जत्रा. मला दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

"आबा, आज गजीचा नाच नको. लई ताप हाय," संपत म्हणाला.

"अरं, ढोलापुढं घटकाभर नाच," वडील हरिबा म्हणाले. "घाम निघाला की ताप पळतोय. आमी कवा दवाखाना बघितला?"

"पोराचं आंग भाजतंय, आन् तुम्हाला नाच सुचतोय!" आई सखूबाई कडाडल्या.

"तुझ्या माहेरी गजी न्हाई, तुला काय कळणार?"

"आणा फेटा," संपत म्हणाला. ढोल वाजू लागला. इशाऱ्यावर इशारे येऊ लागले. मी अर्धवट उघडं, कॅल्शियम आत लोटतंय, पेशी सैलावायचं नाव घेईना. एक ठोका चुकला. मग दोन एकदम पडले. मग प्रत्येक पेशी आपल्या मनानं थरथरू लागली. संपत कोसळला.

लोकांना वाटलं, नवा पवित्रा. टाळ्या पडल्या, मित्रांनो. टाळ्या!

लोकांना कळेपर्यंत आम्ही कसेबसे पुन्हा तालावर आलो होतो, मग त्याला उचलून नेलं. दौंडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तापाच्या विषाणूनं हृदयाला सूज आलीय. काही महिने धावपळ नाही, नाच तर नाहीच. तापात नाचला, म्हणून हे इतकं वाढलं."

"छातीत ताप?" हरिबा म्हणाले. "बाई, ताप आंगात असतो."

"छाती अंगातच येते, आबा."

हरिबांनी खाटेपाशी स्टूल ओढलं.

आज गावचे गेणबा दवाखान्यात भेटायला आले. खाटेपाशी येऊन म्हणाले, "झोपवून काय ठिवलंय? उठवा, दोन फेऱ्या मारू द्या. घाम निघाला की..."

"गेणबा," हरिबांचा आवाज फाटला. "भाईर चल."

"अरं, पण मी म्हंतो..."

"मी बी हेच म्हनलो व्हतो."

पावलं खोलीच्या दारापर्यंत गेली. हरिबा एकटेच परतले. कडी लागली.

मित्रांनो, अंगात ताप असताना हृदयाला कामाला जुंपू नका. त्याला निजू द्या. माझे दिवस भरलेत. उद्या माझ्या जागी नवं दार येईल. त्याला सांगायला माझ्याजवळ एवढंच आहे. ठोका अडखळतोय, पण पडतोय. बाहेरचं दार हरिबांनी लावलंय. आता तू आपलं तेवढं वेळेवर मिटायला शीक.