फूटपट्टीरावांचे नऊ खांब

फूटपट्टीराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते ठेवलं खाणीतल्या लोकांनी. कोळशाच्या खाणीत तीस वर्षं सर्व्हेअर, म्हणजे जमिनीखाली कुठे, किती खोदलंय त्याचे नकाशे काढायचं काम. आणि माणूस असा काटेकोर की घरी भाजी चिरायला बसले तरी सगळे तुकडे एका मापाचे. बायको म्हणायची, "अहो, गाजर आहे ते, बोगदा नाही."

खाण बंद पडली त्याला आता बावीस वर्षं झाली. वस्तीतली तरणी माणसं एकेक करून निघून गेली, त्यांत यांची एकुलती एक मुलगीही गेली. अकरा वर्षं फोनवर "जेवलात का" आणि "गोळ्या घेताय ना" एवढंच. आणि दोन वर्षांपूर्वी ही बया परत आली. कशासाठी, तर खाणीतून उपसलेल्या मातीच्या टेकाडांवर सायकलच्या वाटा काढायला! फूटपट्टीरावांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. जिथे गवताची काडी उगवायला दहा वर्षं लागली, तिथे लोक लांबून येणार, उतारावरून सायकली पिटाळणार, चिखलात आपटणार आणि हसत उठून पुन्हा वर चढणार? कोण येतंय मरायला?

पण आले की हो. झुंडीने आले. वाण्याने गंजलेलं शटर उघडलं, शाळेत तिसरी बाई नेमावी लागली. खाणीचा म्हातारा मुकादम, ज्याच्या हाकेने भलेभले चळाचळा कापायचे, तो आता पंक्चर काढतो आणि आल्यागेल्याला ब्रेक कसे दाबायचे ते शिकवतो. त्याला स्वतःला सायकल येत नाही, पण हे विचारायची कुणाची छाती आहे? फूटपट्टीराव रोज सकाळी दारातले लेकीचे चिखलाने लडबडलेले बूट बघायचे आणि मनातल्या मनात हात जोडायचे. कुणाला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. लेक घरात होती, एवढं पुरे होतं.

त्या मंगळवारी ती त्यांना नव्या वाटेच्या शेवटच्या उतारावर घेऊन गेली. "बाबा, ही शेवटची उडी," ती म्हणाली. "सगळ्यात मोठी. सायकल हवेतून खाली टेकते तिथे दोन ट्रक दगड घातलाय."

"इथेच का घेतली?"

"तुमच्या नकाशात सगळ्यात भक्कम जागा हीच आहे. खाली नऊ खांब, अगदी जवळजवळ. रविवारी वाट खुली होतेय, पहिली उडी मीच मारणार."

फूटपट्टीरावांनी पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं. ते "छान छान" म्हणाले आणि घरी येऊन न जेवता आडवे झाले.

आता हे खांब काय, तेवढं सांगतो. खाणीत सगळा कोळसा काढून घेत नाहीत. मधे मधे कोळशाचेच जाड खांब सोडतात, त्यांच्यावर वरची जमीन तोलून राहते. पण खाण बंद व्हायच्या बेताला आली, तेव्हा मॅनेजरने तिथले नऊ खांबही काढायला लावले. म्हणाला, "खांब काढलेले कागदावर दाखवलंत तर उद्याच टाळं लागेल. नाही दाखवलंत तर साठ माणसांना आणखी दोन महिने काम." मुकादमाने खांब तोडले. फूटपट्टीरावांनी शेवटच्या नकाशात ते उभे दाखवले आणि खाली सही ठोकली. आयुष्यातली एकच वाकडी रेघ, तीही साठ चुलींसाठी. त्यानंतर दोघंही मूग गिळून बसले. घरच्यांनासुद्धा पत्ता नव्हता. दोन वर्षं लेक तो नकाशा वापरत होती, पण तिच्या सगळ्या वाटा त्या जागेपासून लांब होत्या. म्हणून यांनी तोंड उघडलं नव्हतं. चुकलंच त्यांचं, मी त्यांची बाजू घेत नाही.

संध्याकाळी ते मुकादमाकडे गेले. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. सगळं ऐकून म्हणाला, "बावीस वर्षं जमीन गप्प आहे, तूही गप्प बस. सायकलचं वजन ते केवढं?"

"अरे, दोन ट्रक दगड आहे वर. आणि उद्घाटनाला दोनशे माणसं उभी राहतील."

"मग सांग जाऊन. फूटपट्टीने खोटा नकाशा काढला म्हणून गावभर होईल. काम बंद पडेल, पोरगी बॅग भरून परत जाईल. मग बसा दोघं म्हातारा-म्हातारी एकमेकांची तोंडं बघत."

मुकादम बोलला ते काही खोटं नव्हतं. फूटपट्टीरावांचा जीव नेमका तिथेच अडकला होता. लेक गेली तर पुन्हा यायची नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण ती त्या उडीवरून हवेत जातेय आणि खाली उतरतेय, हेही डोळ्यांसमोरून हलेना.

बुधवारी सकाळी सातला ते तिच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे एक पत्र्याचा कंटेनर. आत हेल्मेटं, कुदळी, ओल्या मोज्यांचा वास आणि भिंतीवर यांचाच नकाशा. वाटा खणणारे सात-आठजण चहा पीत होते. "या काका, बसा," कुणीतरी म्हणालं. ते बसले नाहीत. टेबलावरची लाल पेन्सिल उचलली आणि नकाशावरच्या नऊ खांबांवर एकेक करून नऊ फुल्या मारल्या. एकही फुली सरळ आली नाही.

"हे नाहीत," ते म्हणाले. "तेव्हाही नव्हते. मला माहीत असून मी नकाशात दाखवले."

लेक पुढे झाली. "खाली किती खोल आहे?"

"पंधरा मीटर."

"आणखी कुठे असं केलंय?"

"कुठेच नाही."

"नक्की?"

तीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "नक्की," ते म्हणाले. तेवढ्यात दारातून मुकादमाचा आवाज आला. हा कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. "खांब तोडणारी माणसं माझी होती," तो म्हणाला. "त्याला एकट्याला बोलायचं नाही."

लेकीने फक्त हेल्मेट उचललं, वर गेली आणि शेवटच्या उताराला लाल फीत बांधून आली. रविवारचं उद्घाटन रद्द झालं.

पुढचे बारा दिवस कसेबसे गेले. लेक जेवायची, ताट उचलायची आणि खोलीत जायची. बायकोने दोन दिवस नवऱ्याला फैलावर घेतलं, तिसऱ्या दिवशी स्वतःच रडली आणि चौथ्या दिवसापासून त्याच्या ताटात न मागता दही वाढायला लागली. फूटपट्टीराव रोज पहाटे उठून आधी दाराशी जात. बूट दिसले की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा.

तेराव्या दिवशी जमिनीला भोक पाडणारं यंत्र आलं. पंधरा मीटरची गोष्टच सोडा, साडेतीन मीटरवरच त्याचं टोक झपकन पोकळीत गेलं. बावीस वर्षं खाणीचं छत थोडं थोडं ढासळत होतं आणि पोकळी वर सरकत आली होती. यंत्रावरची बाई सगळ्यांना म्हणाली, "आधी मागे सरका. आणि ज्याने कुणी हे सांगितलं, त्याचे पाय धरा." मुकादमाने टोपी काढली आणि बराच वेळ हातातच धरून ठेवली.

फूटपट्टीराव लांब दगडावर बसले होते. इतकी वर्षं जमीन त्यांच्यासाठी थांबली, त्यांना तोंड उघडायला वेळ दिला, याबद्दल त्यांना भरून आलं. आता लेक गेली तरी चालेल, जिवंत तर जाईल, असं त्यांनी मनाला समजावलं.

लेक हातात छोट्या झेंड्यांचा जुडगा घेऊन त्यांच्याकडे आली. "उठा बाबा. वाट बदलायचीय. नवी कुठून न्यायची, ते तुम्ही दाखवा."

"मी? अगं, माझ्या नकाशावर आता कोण भरवसा ठेवणार? यंत्र लावा सगळीकडे."

"यंत्र लावूच. पण सगळीकडे लावायला ते पुन्हा पुढच्या महिन्यातच येणार, आणि वाट आज आखायचीय." तिने जुडग्यातला एक झेंडा सोडवला. "त्या दिवशी तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कधी कळलं असतं? तरी तुम्ही नऊ फुल्या मारल्यात. म्हणजे बाकीचे खांब आहेत. त्यांच्यावरून मी डोळे मिटून सायकल चालवीन."

फूटपट्टीरावांनी तळहाताने डोळे पुसले.

"रडायचं नंतर," लेक म्हणाली, आणि तिनेच बाहीने नाक पुसलं. "चला, लोक खोळंबलेत."

ते उठले, पँटची माती झटकली आणि डावीकडच्या उताराने पावलं मोजत चालू लागले. त्यांचं पाऊल जिथे पडत होतं, तिथे मागून लेक एकेक झेंडा रोवत येत होती.