शोकसभेआधीची दुपार

संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये आईची शोकसभा होती आणि लेकीचं भाषण काही जमत नव्हतं. बाळाला भरवत बसलेल्या मावशीला तिने पहिलं वाक्य वाचून दाखवलं, "माझी आई म्हणजे सेवेचा अखंड झरा होती."

"झरा?" मावशीने चमचा खाली ठेवला. "आणि तो झरा घरी आला की तू दारातच अडवायचीस!"

"मावशी, बाळ लहान होतं. आई कुणाकुणाच्या आजारपणात जाऊन बसायची. जंतू..."

"हात धू म्हणणं वेगळं. ती कोपरापर्यंत धुवायची, कपडे बदलायची. तरी तू बाळ तिच्याकडे देत नव्हतीस. बिचारी लांबूनच टाळ्या वाजवायची."

लेक पुन्हा कागदाकडे वळली. रोज सकाळी आई प्रार्थनेत आजारी माणसांची नावं घ्यायची, हजेरी घेतल्यासारखी. "देवाकडे पत्ते नाहीत का त्यांचे?" असं हिनेच एकदा चिडवलं होतं. आई हसून म्हणाली होती, "त्याच्याकडे आहेत गं. माझ्या लक्षात राहावं म्हणून घेते."

"शिवणकाकूंच्या सुनेचा फोन होता," मावशी म्हणाली. "तुझी आई गेल्यापासून त्यांचं डोकं कुणी धुतलेलं नाही. केसांच्या जटा झाल्यात. आज सून सगळे केस कापून टाकणार आहे. काकू सकाळपासून रडतायत म्हणे."

"मग कुणीतरी जायला हवं!"

"हो ना. कुणीतरी."

लेकीने चप्पल घातली.

पलीकडच्या बिल्डिंगमध्ये शिवणकाकू पलंगावर पडून होत्या. एकेकाळी अख्ख्या कॉलनीचे कपडे शिवणारी बाई, आता कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागायचा. उशाशी कात्री तयार होती. "मला नोकरी सांभाळून नाही हो जमत," सून ओशाळून म्हणाली. लेकीने कात्री उचलून ठेवून द्यायला तिच्याकडे दिली आणि बादलीभर कोमट पाणी मागितलं. मानेखाली प्लॅस्टिक सरकवताना आंबूस वास आला आणि तिला उमासा आला. तेव्हा तिला कळलं, इतके दिवस आपण जिला भीती म्हणत होतो, ती निव्वळ किळस होती!

"वरून ओढू नकोस, बाळा. टोकाकडून सोडव," काकू पुटपुटल्या. मग डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "नातवंड कसं आहे? तुझी आई सांगायची, लेक माझी फार जपते हो बाळाला. मीच तिला म्हटलंय, बाळ माझ्याकडे देऊ नकोस म्हणून."

लेकीचा हात थांबला. आईने तिला असं कधीच म्हटलं नव्हतं! लेकीचं वागणं तिने चारचौघांत स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. लेकीला मान वर करवेना. काकूंना आपला चेहरा दिसू नये म्हणून ती त्यांच्या डोक्यामागेच बसून राहिली, गुंता सोडवत.

संध्याकाळी तिने लिहिलेला कागद बाहेर काढलाच नाही. "आई बाळाला घ्यायला आली की मी तिला दारात उभी करायचे," ती म्हणाली. "तिच्याबद्दल चांगलं बोलायचा हक्क मला नाही. पण शिवणकाकूंचं डोकं दर रविवारी मी धुईन. एकटीने उचलायला त्या जड आहेत. सोबत कोण येईल?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. आईने सोबत मागितली तेव्हाही त्या अशाच गेल्या असणार.

मंडळी, गेलेल्या माणसाच्या सेवेचे गोडवे गाताना जीभ अडखळत नाही. पण त्याच सेवेचा वास आपल्या घरात आलेला आपल्याला चालत नाही. आधी त्याची लाज वाटू द्या. मग हातात बादली घ्या.