एका वेळी दोन चमचे

आमच्या कारखान्यात फळांचं सारण डबाबंद होतं. चेरी, सफरचंद, पीच. पायमध्ये भरायचं सारण. (हा पाय चालायचा नव्हे, ओव्हनमध्ये भाजायचा, नवीन माणसाला हे सांगावंच लागतं.) डब्यामागचा मजकूर मी लिहिते. उष्मांक किती, साखर किती, कशाकशात वापरता येईल. अठरा वर्षं लिहितेय. त्यातली एकच ओळ मला परत घ्यावीशी वाटते, आणि ती लिहिली त्या दिवशी मला शाबासकी मिळाली होती.

झालं असं, की साहेबांना साखरेचा आकडा खुपत होता. वाटीभर सारणाला चोवीस ग्रॅम. "आकडा एक अंकी करा," म्हणाले, जणू उरलेली साखर मी पर्समध्ये घालून घरी नेणार होते. साखर कमी केली की सारणाची चव जाते, दाटपणाही जातो. मग मीच तोडगा काढला. साखर होती तेवढीच ठेवली आणि खाणाऱ्याची वाटी काढून घेतली. एका वेळी वाटीभर होतं, तिथे छापलं दोन चमचे. चोवीसचे आठ झाले. खोटं एक अक्षर नव्हतं. "डोकं आहे बाईंना!" साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले. लाज वाटायला हवी होती. मी गुणगुणत घरी गेले.

ताई माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ती एकोणीसची. मला वेणी घालण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. त्यात तिचं लग्न राहून गेलं, पण ते तिने मला कधी ऐकवलं नाही. पन्नाशीला तिला मधुमेह निघाला. दुसऱ्या दिवसापासून चहा बिनसाखरेचा. हट्टी बाई, एकदा ठरवलं की ठरवलं.

दर शनिवारी कारखान्यात चेपलेले डबे आम्हाला वाटून टाकतात. नियम एकच, शिवणीवर, म्हणजे पत्र्याच्या जोडावर चेपलेला डबा घ्यायचा नाही, आत हवा शिरलेली असू शकते. ताईसाठी मी एकेका डब्याच्या शिवणीवरून बोट फिरवून डबे निवडायची. एवढी काळजी! मग पिशवी तिच्या दारात ठेवायची. खाली गाडी चालूच असायची.

"आत तरी ये गं. घोटभर चहा घे."

"पुढच्या शनिवारी नक्की, ताई."

ताईकडे ओव्हन नव्हता. पाय तिने जन्मात केला नाही. पण सारण तिने कशाकशात घातलं नाही ते विचारा. सकाळी ओट्समध्ये चेरी, दुपारी दह्यात पीच, संध्याकाळी सफरचंद गरम करून पावावर, वर दालचिनीची चिमूट. कुणी आलं की बिस्किटांचा चुरा खाली, सारण वर, त्यावर साय. हे सगळं ती फोनवर सांगायची. त्यातले दोन प्रकार मी डब्यावर 'असेही वापरा' म्हणून छापले, तर ती तो कागद सोलून शेजारणींना दाखवत फिरली.

"माझ्या धाकटीने लिहिलंय हे," एकदा फोन हातात धरूनच ती शेजारणीला सांगत होती. "अख्ख्या डब्यात साखर किती, तर आठ ग्रॅम. फळच आहे हो नुसतं!"

मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. डब्यात नाही गं, दोन चमच्यांत, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मग दोन चमचे का, कुणी ठरवले, हे सगळं सांगावं लागलं असतं, आणि मी मीटिंगला निघाले होते. म्हटलं, शनिवारी सांगू. शनिवारी गाडी चालूच होती.

तीन वर्षांनी ताईच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलं, दिसेनासं झालं. डॉक्टर चक्रावले. "पथ्य पाळता म्हणता, मग साखर एवढी कशी?"

"चहासुद्धा बिनसाखरेचा घेते हो," ताई म्हणाली. तिचा चेहरा शाळेत उगाच ओरडा खाल्लेल्या मुलीसारखा झाला होता. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. दुखणं जुनं आहे, होतं असं, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते 'होतं असं' मी कितीतरी महिने घट्ट धरून ठेवलं.

आता ताई माझ्याकडे राहते. उजव्या डोळ्याला खिडकीतला उजेड तेवढा कळतो. परवा सकाळी ओट्स समोर ठेवले तर म्हणाली, "चेरीचा डबा आहे का गं? कधीपासून खाल्ली नाही. आणि मागचं वाच ना. तुझं लिहिलेलं ऐकायला बरं वाटतं."

मी डबा उघडला. वाचायला लागले. साखर, आठ ग्रॅम. तिथे थांबता आलं असतं. पण त्याच्या वर बारीक अक्षरांत ती ओळ होती, आणि या वेळी मी ती वाचली: एका वेळी दोन चमचे.

"म्हणजे काय?"

"म्हणजे आठ ग्रॅम दोन चमच्यांत, ताई. अख्ख्या डब्यात एकशे साठ."

तिचे ओठ हलले. पाढे तिचे अजून पक्के आहेत.

"मी दिवसाला अर्धा डबा खायचे," ती म्हणाली.

"हो."

"दोन चमचे म्हणजे किती, दाखव बरं."

मी रिकाम्या वाटीत दोन चमचे सारण काढून वाटी तिच्या हातात दिली. तिने बोट आत घालून हळूहळू फिरवलं. बोटाला वाटीच जास्त लागली.

"एवढंसंच?"

"एवढंसंच."

"एवढ्याशाने कुणाचं होतं? कुणी ठरवलं हे?"

"मी."

ताईने बोट रुमालाला पुसलं. बराच वेळ पुसत राहिली. मी म्हटलं, आता ओरडेल, ओरडू दे.

"मला सांगायचंस गं," ती म्हणाली. "मी दोनच चमचे खाल्ले असते."