रोवीनाच्या आईची व्हीलचेअर

व्हीलचेअर आपल्या घरात यावी असे कोणालाच वाटत नाही, मित्रांनो. दुकानाच्या काचेपाशी मुले सायकली पाहायला थांबत, पण शेजारीच उभ्या असलेल्या माझ्याकडे कोणी पाहत नसे. तेव्हा मी नवी होते. माझा सांगाडा लखलखत होता, बैठक निळ्या रेक्झिनची होती आणि चाके नुसत्या बोटाने फिरत. आता मी जुनी झाले आहे. एका चाकाच्या तारा तुटल्या आहेत, हात टेकायच्या पट्ट्यांमधून स्पंज बाहेर आला आहे. पण आज मला स्वतःबद्दल फार सांगायचे नाही. मला आर्डेला टिब्ज आणि त्यांची मुलगी रोवीना यांच्याबद्दल सांगायचे आहे.

आर्कान्सा राज्यात नदीकाठी हॉलिस फेरी नावाचे गाव आहे. तिथे आर्डेलाबाईंनी जन्मभर शाळेची बस चालवली. मधुमेहाने त्यांचा डावा पाय गुडघ्यापासून काढावा लागला, तेव्हा मी त्यांच्या घरी आले. शेजारणी रडायला जमल्या होत्या. आर्डेलाबाई माझ्यात बसल्या, दोन्ही चाके चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, "पाय गेलाय, लायसन्स नाही गेलेलं." त्या दिवसापासून त्या मला बसच म्हणत. घराबाहेर पडताना रोज ओरडत, "दार लागतंय गं, आत ये!" आणि रोवीना धावत येऊन माझे दांडे धरी.

रोवीना तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होती. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. ती माझ्या चाकांना शिलाई मशीनचे तेल घाली, दात घासायच्या जुन्या ब्रशने तारांमधली माती काढी. चर्चच्या पुढे एक उतार आहे. तिथे आली की ती मला घेऊन पळत सुटे. आर्डेलाबाई शिव्याही देत आणि हसतही. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस एवढेच.

रोवीनाचा टेरिल नावाचा एक मित्र होता. एका दुपारी त्याने तिला पेट्रोल पंपापर्यंत सोड म्हणून सांगितले. ती गाडीतच बसून राहिली, रेडिओ ऐकत. टेरिल पंपावरच्या दुकानात गेला. त्याच्याजवळ पिस्तूल होते, हे तिला माहीत नव्हते असे ती शेवटपर्यंत सांगत आली. त्याने गल्ला मागितला. दुकानातल्या ऑर्व्हल स्टाइल्स यांनी हात पुढे केला तेव्हा टेरिलने त्यांच्या गुडघ्यात गोळी मारली. मग तो पळत येऊन गाडीत बसला आणि "चल" म्हणून ओरडला. रोवीनाने गाडी चालवली. तिने केले ते इतकेच, आणि ते तिने खरोखरच केले.

सरकारने दिलेल्या वकिलाने तिला समजावले की ज्युरीपुढे गेलीस तर तीस वर्षेही होऊ शकतील, गुन्हा कबूल कर म्हणजे कमी होतील. तिने कबूल केले. शिक्षा सुनावायच्या दिवशी आम्ही कोर्टात गेलो. पुढच्या बाजूला नुसत्या पायऱ्या होत्या. माझ्यासाठीचा उतार मागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी होता. न्यायाधीशांनी आईला काही बोलायचे आहे का, असे विचारले.

आर्डेलाबाई म्हणाल्या, "साहेब, तिला गाडी चालवायला मीच शिकवलं. आरसे बघ, मागचं बघ, सगळं शिकवलं. पण घाबरलीस की ब्रेक दाब, एवढं शिकवायचं राहिलं माझ्याकडून. त्या भल्या माणसाचा पाय अधू झाला त्याची शरम मला आहे. तिला शिक्षा करा. पण तिला परत येऊ द्या."

न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आठ वर्षांची शिक्षा दिली. रोवीनाला नेताना ती माझ्याजवळून गेली. तिचे हात कमरेपाशी साखळीने बांधलेले होते, म्हणून ती नुसतीच आईकडे वाकली.

त्यानंतर आम्ही तुरुंगात भेटीला जाऊ लागलो. चर्चची गाडी आम्हाला नेई. दारावरचे पहारेकरी माझी उशी उचलून बघत, बैठकीखाली हात फिरवत, आर्डेलाबाईंना पायजमा वर करून कापलेला पाय दाखवायला लावत. आत एकदा येताना आणि एकदा निघताना मिठी मारायची परवानगी होती. मधला सगळा वेळ दोघी टेबलाच्या दोन बाजूंना हात ठेवून बसत. भेट संपल्याचा पुकारा झाला की आर्डेलाबाईच आधी म्हणत, "जा पोरी, नाहीतर ते ओरडतील तुला."

या वर्षांत घराचे भाडे झेपेना, म्हणून आर्डेलाबाई म्हाताऱ्या माणसांसाठीच्या सरकारी वसाहतीत राहायला आल्या. एक खोली, न्हाणीघर, आणि एक कोच. रोवीना सुटणार त्याआधी कित्येक दिवस त्यांनी त्या कोचावर धुतलेली चादर अंथरून ठेवली होती. ती आली त्या रात्री त्यांनी माशाचे तुकडे मक्याच्या पिठात घोळवून तळले, टर्निपची भाजी आणि मक्याचा पाव केला. माझ्यात बसूनच त्यांनी हे सगळे केले. रोवीना जेवली आणि कोचावर निजली. आर्डेलाबाईंनी मला कोचाजवळ आणले आणि तिचे केस कुरवाळत बसल्या.

त्याच आठवड्यात वसाहतीचे व्यवस्थापक गॅडिस आले. ते वाईट माणूस नव्हते, दारात टोपी काढून उभे राहिले. म्हणाले, तुरुंगातून आलेल्या माणसाला इथे राहता येत नाही. दिवसा येऊ दे, मुक्काम करायचा नाही. नाहीतर तुमचीच खोली जाईल.

"ती शिक्षा भोगून आलीये," आर्डेलाबाई म्हणाल्या.

"हो, मिस आर्डेला. पण नियम मी केलेला नाही."

"मोडायला तर तुमचे हात मोकळे आहेत."

रोवीनाने चादर घडी करून आईच्या मांडीवर ठेवली.

ती महामार्गाजवळच्या एका मोटेलात राहायला गेली. शाळेच्या स्वयंपाकघरात तिला पुन्हा घेतले नाही. कुठेही गेली तरी एकच प्रश्न असे, कधी शिक्षा झाली होती का, आणि खरे उत्तर दिले की पुन्हा बोलावणे येत नसे. शेवटी कोंबड्या कापायच्या कारखान्यात काम मिळाले. ती कामावर जाण्याआधी येऊन आईला पलंगावरून माझ्यात बसवी आणि परतताना पलंगावर निजवी. आजारी माणसांच्या सेवेसाठी सरकार पगार देते. आईचीच सेवा करायला तिने तो मागून पाहिला, पण गुन्हा नोंदलेल्या माणसाला तेही काम मिळत नाही.

एका हिवाळ्यात आर्डेलाबाईंना ताप आला. रोवीना तीन रात्री कोचावर झोपली. कोणीतरी तिची गाडी पाहून सांगितले आणि या वेळी गॅडिस लेखी नोटीस घेऊन आले. पुन्हा असे झाले तर खोली खाली करावी लागेल.

तेव्हा चर्चमध्ये मिस पेट्री नावाच्या एक वकीलबाई फुकट सल्ला द्यायला येत. त्यांनी सांगितले की काही गुन्ह्यांची नोंद कोर्ट मिटवू शकते. मग ते नाव कोणाला सापडत नाही, घर मिळते, काम मिळते. पण रोवीनाचा गुन्हा हिंसक म्हणून नोंदलेला आहे, आशा फार ठेवू नका. आर्डेलाबाईंनी मात्र आशा ठेवली. त्यांनी जांभळी हॅट बाहेर काढली आणि रोवीनाला मला तेल घालायला सांगितले.

कोर्टात ऑर्व्हल स्टाइल्सही आले होते. मिस पेट्रींनी त्यांना बोलावले होते, पण ते येतील असे कोणाला वाटले नव्हते. काठी टेकत ते पुढे गेले.

"माझा गुडघा दुखतो," ते म्हणाले. "पाऊस येणार असला की जास्त दुखतो, आणि तो मरेपर्यंत दुखणार. पण या मुलीचं नाव पुसलंत म्हणून तो आणखी दुखणार नाहीये. मला काही हरकत नाही."

आर्डेलाबाईंनी माझ्या दोन्ही पट्ट्या घट्ट धरल्या.

न्यायाधीश नवे, तरुण होते. त्यांनी स्टाइल्स यांचे आभार मानले. रोवीनाच्या चांगल्या वागणुकीचे कौतुक केले. मग म्हणाले की या गुन्ह्याची नोंद मिटवायची मुभा कायद्याने कोर्टाला दिलेलीच नाही, आज नाही आणि आणखी वीस वर्षांनीही नाही. हत्यार कोणाच्या हातात होते, याने कायद्याला फरक पडत नाही. आणि त्यांनी पुढचे प्रकरण पुकारले.

मागच्या उतारावरून खाली येताना रोवीना म्हणाली, "आई, मी मेले असते तर निदान थडग्याच्या दगडावर नुसतं नाव लिहिलं असतं, गुन्हा नाही."

"असं बोलू नको," आर्डेलाबाई म्हणाल्या.

मग जे व्हायचे ते झाले. एका पहाटे आर्डेलाबाईंना न्हाणीघरात जायचे होते. रोवीना यायला वेळ होता. मी पलंगाशेजारीच उभी होते. त्यांनी माझ्या पट्टीला धरून उठायचा प्रयत्न केला आणि त्या जमिनीवर पडल्या. त्या दिवशी रोवीनाला कारखान्यात लवकर बोलावले होते, ती संध्याकाळीच आली. तोवर त्या तिथेच पडून होत्या. आधी हाका मारत होत्या, नंतर चर्चमधली गाणी म्हणत होत्या, नंतर गप्प झाल्या.

खुब्याचे हाड मोडले होते. दवाखान्यातून त्यांना वृद्धांच्या शुश्रूषागृहात हलवले. मीही सोबत गेले. तिथे माणसे पुष्कळ आणि सांभाळणारे हात थोडे होते. आर्डेलाबाईंना कूस बदलून द्यायला कोणी वेळेवर येत नसे, पाठीला जखमा झाल्या. रोवीनाने तिथे झाडूपोछ्याचे तरी काम मागितले, म्हणजे दिवसभर जवळ राहता आले असते. त्यांनी तिची नोंद तपासली आणि नाही म्हणाले.

हळूहळू आर्डेलाबाईंचे भान सुटू लागले. रोवीना त्यांना माझ्यात बसवून खिडकीशी नेई. त्या खोलीतले टेबल, दारातला माणूस आणि भिंतीवरचे घड्याळ पाहून त्यांना वाटे की आपण तुरुंगात मुलीला भेटायला आलो आहोत.

"सोडलं का गं तुला?" त्या विचारत.

"सोडलं आई. केव्हाच सोडलं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. रोवीना पुन्हा तेच सांगे. मग एका रविवारी आर्डेलाबाईंनी पुन्हा विचारले. कारखान्यातल्या गार पाण्याने रोवीनाची बोटे सुजलेली होती. ती माझ्या पायपट्टीशेजारी जमिनीवर बसली आणि आईच्या मांडीवर तिने डोके टेकले.

"नाही आई," ती म्हणाली. "अजून नाही सोडलं."

आर्डेलाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सोडतील गं. नीट वाग तू. मी चादर घालून ठेवलीये." मग त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "जा आता पोरी, नाहीतर ते ओरडतील तुला."

त्या वसंतात आर्डेलाबाई गेल्या. रोवीनाने माझी घडी घातली आणि मला चर्चला देऊन टाकले. कोणाला लागली तर असावी म्हणून मला मागच्या भिंतीशी ठेवले आहे. अजून कोणाला लागलेली नाही. माझ्या चाकांना गंज चढतो आहे.

मित्रांनो, मला सांभाळणे अवघड नाही. थोडे तेल, एखादा स्क्रू, कोरडी जागा. त्याबद्दल मी काही मागत नाही. माझ्या सांगण्याने कायदाही बदलणार नाही, हे मला ठाऊक आहे. रोवीना अजून कारखान्यात जाते, अजून त्याच मोटेलात राहते. रविवारी ती चर्चला उशिरा येते आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते. लोक तिला मानेने नमस्कार करतात आणि पुढे जाऊन बसतात. तिच्या शेजारची जागा रिकामीच राहते. तुमच्या गावातही असा एखादा बाक असेल. तिथे जाऊन बसा.