धाकटीची दोनशे पानं

आमच्या प्रकाशनात त्या कादंबरीला कुणी तिच्या नावानं ओळखत नाही. मूळची सहाशे पानांची ती ‘जाडी’ आणि मुलांसाठी केलेली एकशे साठ पानांची ती ‘बारकी’. जाडी शंभर वर्षांची झाली. ती थोर आहे याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे, पण ती वाचलेला माणूस मला अजून भेटायचा होता. लोकांनी वाचलीय ती बारकी. दोन पिढ्या तिच्यावर रडल्या आणि मोठ्या झाल्या.

बारकी केली माझ्या मावशीनं, पंचेचाळीस वर्षांपूर्वी, इथंच नोकरीला असताना. आतल्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरात ‘संक्षेप’ असं लिहून तिचं नाव दिलंय. मावशी आता एक्याऐंशी वर्षांची आहे. घरी येईल त्याला, अगदी नळ दुरुस्त करायला आलेल्यालाही, ती ते पान उघडून दाखवते. तो बिचारा हातातला पाना खाली ठेवून ‘वा वा’ म्हणतो.

यंदा मालकांनी बारकी नव्या रूपात काढायचं ठरवलं. नवी चित्रं, मोठा टाइप, भाषा जरा सैल. काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, करायचंच तर मूळ शेजारी ठेवून करू. मालक म्हणाले, “कशाला नसता उद्योग? बारकीतलेच चार शब्द इकडचे तिकडे करा.” मला कुणी ‘कशाला’ म्हटलं की माझं डोकं फिरतं आणि मी नेमकं तेच करते. दुसऱ्या दिवशी वाचनालयातून जाडी उचलून आणली. खांदा दुखला.

गोष्ट थोडक्यात अशी. नदीकाठच्या धक्क्यावर दोन बहिणी राहतात. बाप नावाडी. उतारूंना पलीकडे पोचवायचं त्याचं काम. एक दिवस त्याच्या अंगावरून वारं जातं आणि तो अंथरुणाला खिळतो. थोरली शहरात काम शोधायला निघते. धाकटीला सांगते, जम बसला की तुला न्यायला येईन. बोट सुटते. आणि मग तो प्रसंग, जो आमच्या वयाच्या कुणालाही अर्ध्या झोपेत विचारला तरी सांगता येईल. थोरली कप्तानाच्या हातापाया पडते, बोट मागे वळते, आणि धाकटी व बाप, तोही खाटेसकट, बोटीवर चढतात. आमचा चित्रकार म्हणजे पन्नाशीचा आडदांड दाढीवाला गडी, पण हा प्रसंग सांगताना अजूनही नाक ओढतो. त्यानं मुखपृष्ठ त्याचंच केलं होतं. वळलेली बोट आणि धक्क्यावरून धावत सुटलेली धाकटी. चित्र झकास होतं.

माझी कामाची पद्धत साधी आहे. डावीकडे मूळ, उजवीकडे संक्षेप, दोन्हींवर एकेक लाकडी पट्टी. डावी पट्टी भराभर खाली सरकते, उजवी सावकाश. काय गाळलं ते टिपत जायचं. मावशीचं काम बघून मी मनातल्या मनात हात जोडले. मूळ लेखकानं पुराला बावीस पानं दिली होती. मावशीनं तो पूर अर्ध्या पानात आणला आणि तरी त्यातलं पाणी कमी होऊ दिलं नाही.

तीनशे नव्वदाव्या पानावर मात्र डावी पट्टी थांबली आणि उजवी चालतच राहिली. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मी चष्मा पुसला. चार पानं मागे गेले, दहा पानं पुढे. जाडीत बोट वळतच नव्हती. थोरली मागच्या कठड्याशी उभी राहते, वारा बोचायला लागतो, ती आत जाते. धाकटी धूर दिसेनासा होईपर्यंत थांबते. तिच्या दुःखाला लेखकानं मोजून चार ओळी दिल्या आहेत.

पुढच्या पानावर तिसरा भाग सुरू होतो आणि तो सगळाच्या सगळा धाकटीचा आहे. ती बापाचं वल्हं उचलते. पोरीच्या नावेत बसायला कुणी तयार होत नाही. सगळ्यात आधी बसते ती एक सुईण, कारण पलीकडे बाळ अडलेलं असतं आणि तिला नखरे करायला वेळ नसतो. मग गाव बसतं. बाप तिच्या मांडीवर डोकं ठेवून जातो. एक शाळामास्तर तिला मागणी घालतो, आणि ती त्याला आधी पोहायला शिका म्हणते. अशी तोंडाळ, हट्टी, मजेशीर बाई मला पुस्तकात क्वचितच भेटली असेल. मी ती दोनशे पानं कार्यालयात बसून वाचली आणि दोन वेळा एकटीच मोठ्यानं हसले.

संक्षेप करणारी माणसं पुस्तकाला उपाशी ठेवतात, भरवत नाहीत. मावशीनं इथं सहा पानं स्वतःच्या पदरची घातली होती, आणि त्या सहांपायी दोनशे घालवली होती. कारण धाकटी एकदा बोटीवर चढली की धक्क्यावरच्या तिच्या आयुष्याला जागाच उरत नाही.

तिनं हे का केलं, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मावशी बावीस वर्षांची असताना शहरात नोकरीला आली. घरी माझे आजोबा अर्धांगानं पडलेले, आणि त्यांच्या उशाशी माझी आई, वय सतरा. मावशी म्हणाली होती, जागा मिळाली की तुम्हा दोघांना नेते. आजोबा आणखी नऊ वर्षं जगले. जागा काही मिळाली नाही. ती दर महिन्याला पत्र पाठवायची आणि आजोबा गेले तेव्हा दोन दिवस येऊन गेली. आई गावच्या दवाखान्यात कंपाउंडर झाली, तीस वर्षं औषधं दिली. आता ती माझ्याकडे राहते. दोघी बहिणी दर रविवारी फोनवर गुडघ्यांविषयी बोलतात.

मी मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी मुखपृष्ठ उचलून उजेडात धरलं.

“म्हणजे बोट वळतच नाही?”

“नाही.”

“मुलांना एवढं दुःख कशाला द्यायचं?”

“दुःख चार ओळींचं आहे. त्यानंतर दोनशे पानं ती कुणाचं ऐकत नाही.”

“लोक आपल्याला फाडून खातील,” मालक म्हणाले. मग त्यांनी मालक करतात तेच केलं आणि विस्तव माझ्या हातात दिला. “नाव मावशींचं आहे. त्या हो म्हणाल्या तर मूळ शेवट घ्या, नाहीतर आहे ते राहू द्या. शुक्रवारी छापखान्याला काय ते कळवायचं आहे.”

मावशीकडे त्या एका नावाखेरीज मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. संसार केला नाही, घर भाड्याचं. तिला जाऊन सांगायचं की तुझ्या पुस्तकातली लोकांना आवडलेली सहा पानं खोटी आहेत, ती मी काढतेय. आणि न सांगावं तर धाकटी आणखी पन्नास वर्षं त्या बोटीवर गप्प बसून राहणार. मला दोन्ही नको होतं.

घरी आई खिडकीशी बसून शेजारच्या आजोबांच्या गोळ्यांच्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवत होती. निवृत्त झाली तरी तिचा दवाखाना बंद झालेला नाही.

“आई, जाडीत बोट मागे वळत नाही,” मी म्हटलं.

“माहीत आहे मला.”

“तुला कसं माहीत?”

“ताईनं बारकी पोस्टानं पाठवली तेव्हा तू तापानं फणफणली होतीस. तुझ्या उशाशी बसून एका बैठकीत वाचली. खाटेसकट बोटीवर चढवलं म्हणे. अगं, आमच्या बाबांची खाट दारातून बाहेर निघत नव्हती.” तिनं चिठ्ठीवर अंगठा दाबून धरला. “मला शंका आली. वाचनालयात जाऊन मूळ आणली. दोनदा वाचली.”

म्हणजे जाडी वाचलेला माणूस इतकी वर्षं माझ्याच घराण्यात होता.

“आणि मावशीला काही बोलली नाहीस?”

“काय बोलू? तिनं पुस्तकात मला बोटीवर घेतलं, तिच्या जिवाला बरं वाटलं. वाटू दे.” तिनं पुढची बाटली उचलली. “पण मी बोटीवर नव्हते गं. मी खालीच होते. आणि खाली मी पुष्कळ काही केलं. ते तिनं कधी विचारलं नाही.”

मला मावशीचा संताप आला. तो जेमतेम मिनिटभर टिकला, कारण मग ध्यानात आलं की विचारलं तर मीही नव्हतं. मला आईची तीस वर्षं ठाऊक होती. त्याआधीच्या नऊ वर्षांना आमच्या घरात ‘बाबांचं आजारपण’ म्हणतात. त्यांना आईचं नाव कुणी दिलेलं नाही.

“मग काढू ना तो प्रसंग?”

“तुझं काम तू जाण. पण तिला तोडून बोलू नकोस. वय झालंय तिचं.”

गुरुवारी दुपारी मावशीकडे गेले. तिनं टेबल आवरून ठेवलं होतं आणि तीन निळ्या पेन्सिलींना टोकं केली होती. तिला वाटलं, मी मुद्रितं तपासायला आणलीयत. मी आधी हवापाण्याविषयी बोलले, मग तिच्या गुडघ्याविषयी, मग चित्रकाराच्या दाढीविषयी.

“मुद्द्यावर ये,” मावशी म्हणाली. “बोट सापडली ना तुला?”

मी मान हलवली.

“शाबास. पंचेचाळीस वर्षं वाट बघतेय, कुणीतरी पट्टी लावून बघेल म्हणून. जुन्या मालकांना पानं मोजता यायची, वाचता यायची नाहीत. एकशे साठ भरली, खूश झाले.” ती हसली, पण हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. “त्या पानाशी आले आणि माझा हात पुढे जाईना. ती धक्क्यावर उभी, आणि मी तिला तिथंच ठेवून पुढचा उतारा कापायला घ्यायचा? नाही झालं माझ्याच्यानं. वळवली बोट. कुणाचं काय गेलं त्यात?”

मी ठरवून आले होते, जपून बोलायचं म्हणून. ते जागच्या जागी राहिलं. “धाकटीचं गेलं, मावशी. तिची दोनशे पानं गेली.”

“तिची अशी कसली दोनशे पानं?”

मला वाटलं, वेड पांघरतेय. पण ती खरोखरच माझ्या तोंडाकडे बघत होती. उठली, कपाटातून तिची जाडी काढून माझ्यापुढे ठेवली. समासात निळ्या खुणा, पानापानावर. मी तिसरा भाग उघडायला गेले तर पानं उघडेनात. जुन्या बांधणीत पानांच्या कडा जोडलेल्या राहायच्या, वाचणाऱ्यानं सुरीनं कापत पुढे जायचं. बोट सुटते त्या पानापर्यंत सगळ्या कडा नीट कापलेल्या होत्या. पुढे एकही नाही.

“तू वाचलंच नाहीस?”

मावशी खाली बसली. “मला वाटलं, पुढे तिचे हालच असणार. झिजून झिजून मरत असेल. ते मला बघवलं नसतं.”

आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची काटछाट केलेली ही बाई. न वाचता तिनं एक ओळ कधी गाळली नसेल. आणि इथं तिनं एक अख्खं आयुष्य न बघताच गाळलं होतं, ते दुःखाचंच असणार असं धरून. मला तिची फार दया आली. रागही तेवढाच आला, पण तो आईच्या वाटचा होता.

“मरत नाही ती,” मी म्हटलं, आणि सांगायला लागले. वल्हं सांगितलं, सुईण सांगितली. शाळामास्तराला पोहायला पाठवल्याचं ऐकून मावशीला हसू फुटलं, आणि ते मध्येच थांबलं. मी सांगत राहिले. बाप मांडीवर जातो तिथं तिनं हात वर केला.

“एकटीच असते का तेव्हा?” तिनं विचारलं.

“एकटीच असते.”

मावशीनं जोडलेल्या पानांवरून बोट फिरवलं. “माझी सहा काढून टाक. तिची घाल. आणि फार कापू नकोस गं.”

“तुझं नाव राहील, मावशी.”

“नावाचं मरू दे.”

मग तिनं फोन ओढून घेतला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज कायम मोठा ठेवलेला असतो. गुरुवारची भर दुपार, रविवार नव्हे, त्यामुळे पलीकडून आई घाबरीघुबरी होऊन म्हणाली, “ताई? काय झालं? पडलीबिडलीस का?”

“नाही गं. बरी आहे.” मावशीनं निळी पेन्सिल बाजूला सारली. “एक विचारायचं होतं. मी बसमध्ये बसले, बस गेली. त्याच्यानंतर तू काय केलंस?”

“त्या दिवशी?”

“त्या दिवशी. आणि पुढे. नऊ वर्षं.”

मावशी फोन कानाशी दाबून बसली होती. मी उठून बाहेर जावं असं मला वाटलं, पण पाय निघाला नाही.

“किती वेळ आहे तुझ्याकडे?” आईनं विचारलं.